ज्वारी आली की सही

उमाकांतराव शेतकरी आहेत हे मद्रासच्या वेस्ट मांबलममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ते स्वतःच सगळ्यांना सांगत. न्हाव्याला सांगत, इस्त्रीवाल्याला सांगत, बँकेत रांगेत उभे असले तर पुढच्यालाही आणि मागच्यालाही सांगत. "आमची मूळची शेतीच हो," असं म्हणून एक सुस्कारा टाकायचा आणि मग मातीच्या वासावर बोलायचं, हा त्यांचा क्रम ठरलेला. नोकरी सगळी मद्रासजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात गेली, रणगाड्यांचे सुटे भाग तपासण्यात. पण निवृत्त झाल्यावर माणसाला आपण मुळात कोण होतो ते आठवायला लागतं, आणि जे आठवत नाही ते रचता येतं.

त्यांच्या पत्नीला, प्रमोदिनीबाईंना, खरा प्रकार माहीत होता. परभणीकडच्या त्या गावात शेती होती, पण ती मोठे दीर करत. उमाकांतराव पाचवीपासून शहरात वसतिगृहात. शेतीशी त्यांचा संबंध दोनच वेळा आला: दर थंडीत हुरडा खाताना, आणि एकदा बैलगाडीतून पडताना. पडल्याची खूण कोपरावर होती. ती ते शर्टाची बाही वर करून दाखवत आणि "नांगराचा फाळ लागला होता" असं सांगत.

प्रमोदिनीबाई हे ऐकून घेत. बँकेत त्यांनी जन्मभर लोकांच्या सबबी ऐकल्या होत्या, त्यात ही एक. त्यांचं लक्ष आपल्या घरात होतं. मांबलम स्टेशनच्या मागच्या गल्लीतला पहिल्या मजल्यावरचा तो फ्लॅट त्यांनी स्वतःच्या नोकरीवर कर्ज काढून घेतला होता. लग्न होऊन मद्रासला आल्या तेव्हा तमिळचा एक शब्द येत नव्हता. आता कीरै, म्हणजे पालेभाजी, विकणाऱ्या मीनाक्षीशी त्या तमिळमध्ये भांडत आणि जिंकत. समोरच्या दारातल्या विद्यालक्ष्मी मामींकडून सकाळी रसम येई, इकडून संध्याकाळी भाकरी जाई. दोघींनी एकमेकींची बाळंतपणं काढली होती. या घरावर प्रमोदिनीबाईंचा जीव होता, आणि तसं त्या उघड म्हणत.

अशा घराला वयलोरा नावाची पीडा लागली.

वयल म्हणजे तमिळमध्ये शेत. त्याला पुढे 'ओरा' कुठून चिकटलं ते कंपनीलाच ठाऊक. मद्रासच्या उत्तरेला, गुम्मिडिपूंडीच्याही पलीकडे एका गावाची सगळी भातशेती विकत घेऊन कंपनीनं तिचे तुकडे पाडले होते, प्रत्येक तुकड्यावर एक कौलारू दिसणारं सिमेंटचं घर बांधलं होतं आणि सगळ्याला मिळून 'शांत ग्रामीण जीवन' असं नाव दिलं होतं. जाहिरात उमाकांतरावांना पाठवली त्यांच्याच मुलानं, उन्मेषनं. तो शोळिंगनल्लूरला आयटीत. रोज फोनवर मातीचा वास ऐकून त्याचं डोकं उठलं होतं. बाबांचं मन कुठंतरी रमेल, एवढाच त्याचा हेतू. उमाकांतरावांनी फंडातली रक्कम काढली आणि बायकोला न विचारता एक तुकडा घेऊन टाकला.

पहिल्यांदा दोघं तिथं गेली ती लोकलनं. मांबलमहून पार्क, पूल ओलांडून सेंट्रल, तिथून गुम्मिडिपूंडीची गाडी. एन्नोरच्या धुराड्यांपाशी उमाकांतरावांनी नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "बघ, हा शहराचा शेवटचा घाण वास. यापुढं फक्त माती." यापुढं गुम्मिडिपूंडीची औद्योगिक वसाहत होती. पण तो तपशील झाला.

वयलोराच्या फाटकावर एक खराखुरा नांगर टांगला होता, आणि त्याच्याखाली पांढरं धोतर, लाल फेटा अशा वेषात तुकोजी उभे होते. तुकोजी तंजावरकडचे मराठे. त्यांचे आजोबा इकडे येऊन जमीन कसायला लागले होते. ती जमीन तुकोजींनीच कंपनीला विकली, आणि कंपनीनं त्यांना परत त्याच जमिनीवर 'ग्रामज्येष्ठ शेतकरी' या हुद्द्यावर नोकरीला ठेवलं. नांगरही त्यांचाच. फेटा कंपनीचा.

"या अण्णा, या अक्का," तुकोजी म्हणाले. "तुमी मराठी, हे ऐकूनच मी फाटकापर्यंत आलों. रोपनाळ झाले, पुष्कळ दिवस आमच्या भाषेचं मनुष्य दिसलं नाही."

उमाकांतरावांना भरून आलं. "बघितलंस? माती बोलावते," ते बायकोला म्हणाले.

गाव मात्र कुणालाच बोलवत नव्हतं. गावातली तरुण माणसं पहाटे कंपन्यांच्या बसगाड्यांनी कारखान्यांत जात, वयस्कर माणसं वयलोराच्या फाटकावर गणवेश घालून बसत, आणि घराघरांवर नवे मजले चढवून ते बिहार-ओडिशाच्या कामगारांना भाड्यानं दिले होते. तुकोजींचंही दुमजली घर होतं, गुलाबी. उमाकांतरावांनी धारोष्ण दुधाची चौकशी केली, तेव्हा कळलं की गावात दूध पिशवीचं येतं. गाई होत्या, पण त्या वयलोरात. त्यांचं दूध काढत नसत. रविवारी शहरातली माणसं येऊन त्यांना मिठ्या मारत, त्यासाठी त्या ठेवल्या होत्या.

आणि शांतता! वयलोरात रहिवाशांची शांतता समिती होती. गावातल्या एका म्हातारीचा कोंबडा पहाटे आरवतो, म्हणून समितीनं मागं कंपनीकडे तक्रार केली होती. कंपनीनं कोंबडा विकत घेतला, आणि पुढच्या रविवारी 'गावरान भोजन' झालं. समितीच्या अध्यक्षांनी दोनदा वाढून घेतलं.

"किती निवांत आहे ना?" परतीच्या गाडीत उमाकांतराव म्हणाले.

"आहे की," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "आरवणारं कुणी उरलंच नाही."

गाडी एन्नोरला आली तेव्हा उमाकांतरावांनी मनातलं बाहेर काढलं. दोन घरं कशाला? मांबलमचा फ्लॅट विकून टाकायचा आणि कायमचं वयलोराला जायचं. प्रमोदिनीबाई खिडकीतून धुराडी बघत बसल्या.

मग रोज तोच विषय. फ्लॅट दोघांच्या नावावर, म्हणून बाईंची सही हवी. उमाकांतरावांनी शुद्ध हवेचं सांगून पाहिलं, गुडघ्यांचं सांगून पाहिलं, अबोला धरून पाहिला. गुढीपाडव्याच्या दिवशी श्रीखंडाच्या ताटावरही त्यांनी तेच काढलं, तेव्हा प्रमोदिनीबाईंचा संयम संपला. विद्यालक्ष्मी मामी त्या दिवशी जेवायला होत्या, उन्मेष फोनवर होता. या दोन साक्षीदारांसमोर बाई म्हणाल्या, "तुम्ही शेतकरी ना? मग ऐका. तुम्ही स्वतः पेरलेल्या ज्वारीची भाकरी ज्या दिवशी माझ्या ताटात पडेल, त्या दिवशी मी सही करीन. डोळे मिटून करीन. पण तोवर या घराचं नाव काढायचं नाही."

"कबूल!" उमाकांतरावांनी श्रीखंडाचा हात वर केला. मामींना मराठी कळत नव्हतं. पण एवढी वर्षं समोरच्या दारात काढल्यावर काय पणाला लागलं ते त्यांना बरोबर कळलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. उमाकांतरावांनी मद्रासमध्ये उभी हयात काढली, पण त्यांच्या भिंतीवर कालनिर्णयाचं पान गावाकडचंच. गावाकडचा माणूस मृग नक्षत्राला पेरतो, हे त्यांच्या रक्तात होतं. निदान ऐकण्यात होतं. मद्रासला जूनमध्ये डांबर वितळतं, इथला खरा पाऊस दिवाळीच्या आगेमागे येतो, हे त्यांना छत्री घेऊन कामावर जाणारा माणूस म्हणून पक्कं माहीत होतं. शेतकरी म्हणून माहीत नव्हतं. म्हणजे एकाच डोक्यात दोन हवामानं सुखानं नांदत होती, आणि त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती.

मृग लागला त्या दिवशी डोक्यावर ऊन मी म्हणत होतं. उमाकांतराव टोपी घालून शेतात उतरले. परभणीहून पुतण्यानं कुरिअरनं बियाणं पाठवलं होतं. प्रमोदिनीबाई छत्री धरून बांधावर, तुकोजी फेटा लावून शेजारी.

"काय तुकोजी, पेरायचं ना?"

"सरि अण्णा. पेरा."

"पाऊस येईल ना?"

"येईल की अण्णा. पाऊस म्हणजे यायचाच."

कंपनीची ठिबकची नळी शेतात होती. उमाकांतरावांनी ती गुंडाळून ठेवायला लावली. ज्वारी पावसावर येते, नळीवर नाही, मृग कधी कोरडा जात नाही, वगैरे. ते बी टाकत पुढं गेले, तसं प्रमोदिनीबाईंनी तुकोजींना हळूच विचारलं, "अहो, इथं या दिवसांत कुणी पेरतं का?"

तुकोजींनी आधी इकडं तिकडं पाहिलं. "आमी आता पेरतच नाही अक्का. पेरणारे होतों तेव्हा आडी महिन्याची, म्हणजे तुमच्या आषाढाची, वाट पाहत होतों."

"मग तसं यांना सांगा की."

"कसं सांगूं? कंपनीनं बजावून ठेवलंय, गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही. मागल्या वर्षी एकानं इथं सफरचंद लावलीं. तेव्हाही मी 'सरि' म्हणालों." त्यांनी घड्याळ पाहिलं. त्यांची मालिका सुरू व्हायची वेळ झाली होती. जमीन विकल्यापासून तुकोजी रात्री शांत झोपत होते, आणि पाऊस येवो न येवो, पगार पहिल्या तारखेला येत होता. उगाच खरं बोलून त्यात बिब्बा घालायची त्यांची तयारी नव्हती.

प्रमोदिनीबाईही गप्प राहिल्या. खरं सांगायचं तर त्यांना बरंच वाटलं.

पहिलं बियाणं मुंग्यांनी आणि मोरांनी वाटून घेतलं. उमाकांतरावांनी आर्द्राला पुन्हा पेरलं, तेही तापल्या मातीत भाजलं. मातीच वाईट, असं त्यांचं मत पडलं. नाचता येईना अंगण वाकडं. तिसऱ्यांदा पेरलं त्यानंतर मात्र संध्याकाळच्या वळवानं दया केली आणि ज्वारी उगवली. ऑगस्टपर्यंत ती गुडघ्याला लागली. उमाकांतरावांनी एकेका ताटाबरोबर फोटो काढले. न्हाव्यानं पाहिले, इस्त्रीवाल्यानं पाहिले. प्रमोदिनीबाईंनी पाहिले आणि त्या रात्री त्यांना झोप आली नाही.

ते गुरुवारी वयलोराला जात आणि रविवारी परत येत. एरवी मोबाइलवरच्या कॅमेऱ्यातून शेत दिसे. मग मांबलमच्या बाल्कनीत आरामखुर्चीवर बसून, "तुकोजी, ते डावीकडचं तण काढा! अहो डावीकडचं!" असं उंटावरून शेळ्या हाकणं चाले. तुकोजी कॅमेऱ्याकडे बघून हात जोडत आणि जिथं उभे असत तिथंच उभे राहत.

पण काही गोष्टी बाईंच्या नजरेतून सुटल्या नाहीत. गुरुवारचं जाणं हळूहळू शुक्रवारवर गेलं. रविवारचं येणं शनिवारवर आलं. उमाकांतरावांनी स्वतःची उशी एकदाही तिकडे नेली नाही. तिच्याशिवाय त्यांना झोप येत नाही, हे तर जगजाहीर. परत आले की स्टेशनवरून थेट कॉफीच्या दुकानात, तिथून न्हाव्याकडे, आणि मग घरी. एकदा सहज बोलून गेले, "तिथं ना, बोलायला कुणी नाही."

"का? एवढे रहिवासी आहेत की."

"आहेत. पण मी 'आमची मूळची शेतीच' म्हटलं की समोरचा म्हणतो, 'आमचीपण.' " ते खिन्न होऊन म्हणाले. "सगळेच शेतकरी. ऐकणार कोण?"

प्रमोदिनीबाईंनी त्यावर कॉफी पुढं केली. वयलोरात उमाकांतराव अनेकांतले एक होते. वेस्ट मांबलममध्ये एकुलते एक.

ऑक्टोबरात ज्वारी निसवली. गावाकडं या दिवसांत आकाश कसं धुतल्यासारखं असतं, कणसं भरतात. मद्रासकडं या दिवसांत तमिळ आयप्पसी महिन्याचा पाऊस येतो आणि तो आला. तीन दिवस तो थांबला नाही. लोकल बंद, मांबलमच्या भुयारी रस्त्यात कमरेइतकं पाणी, आणि वयलोरात काय झालं असेल ते विचारायलाच नको. तिथं पूर्वी भाताची खाचरं होती. पाण्याला आपली जुनी जागा बरोबर आठवली. कॅमेरा बंद पडायच्या आधी पडद्यावर नुसतं पाणी होतं, त्यात कणसांचे शेंडे, आणि तुकोजी टेरिकॉटच्या विजारीत. फेटा भिजू नये म्हणून कंपनीनं जमा करून घेतला होता.

"वाचेल," उमाकांतराव म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक होता की प्रमोदिनीबाईंना वाईट वाटलं. घर वाचलं म्हणून एका डोळ्यात हसू आणि या माणसाकडं बघून दुसऱ्यात पाणी, अशी त्यांची गत झाली.

त्यानंतर ज्वारीचा विषय घरात निघेना. विचारलं की "दाणा भरतोय" एवढंच. बाईंचे गुडघे धरले होते, त्यामुळं त्या तिकडं गेल्या नाहीत. मनातून त्यांनी प्रकरण मिटलं असं धरलं होतं. आणि भोगीच्या सकाळी, गल्लीत लोक तमिळ रीतीप्रमाणे जुनी पायपुसणी आणि टायर जाळत असताना, उमाकांतराव रिक्षातून उतरले. खांद्यावर पोतं.

"घे!" त्यांनी पोतं स्वयंपाकघरात टाकलं. "वयलोराची ज्वारी. माझ्या हातची. आज भोगीला याच्याच भाकऱ्या."

आवाज ऐकून विद्यालक्ष्मी मामी दारात आल्या. पोत्याकडे बघून त्यांचा चेहरा पडला. "अय्यो, प्रमोदिनी," एवढंच त्या म्हणाल्या.

प्रमोदिनीबाईंनी पोत्यात हात घातला. दाणा टपोरा, पांढराशुभ्र, एकसारखा. सुपात घेऊन पाखडला तर ना कोंडा, ना खडा, ना काडी. ज्या माणसानं जन्मात कोथिंबिरीची जुडी धड निवडली नाही, त्यानं ही ज्वारी मळली, उफणली, निवडली? दळून आणून पीठ मळायला घेतलं, तर भाकरी थापताना कडा चिरायला लागल्या. नव्या ज्वारीची भाकरी अशी चिरत नाही. ही गेल्या सालची, चांगली जुनी, दुकानातली ज्वारी होती. बहुतेक सौकारपेठेच्या बाजारातली.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरासाठी आपल्याशी खोटं? तवा तसाच ठेवून त्या बाहेर बोलायला निघाल्या, आणि दारातच थांबल्या. उमाकांतराव जेवणाच्या टेबलाशी बसले होते. पोतं जिंकून आणलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. ते बाल्कनीतून खालच्या गल्लीकडं बघत होते, मीनाक्षी कीरैची टोपली घेऊन ओरडत निघाली होती तिच्याकडं, समोरच्या इस्त्रीच्या गाड्याकडं. पाहुणा परत जायला निघताना घराकडं बघतो, तसे.

प्रमोदिनीबाई मागं फिरल्या. हे सगळं त्यांना इतक्या उशिरा कळलं याचाच त्यांना राग आला. या माणसाला जायचंच नव्हतं. हरायचंही नव्हतं. बायकोनं आपली लबाडी पकडावी, चार शब्द सुनवावेत आणि आपल्याला चरफडत इथंच राहता यावं, एवढ्यासाठी हे पोतं आलं होतं. म्हणजे वाईटपणा परत बाईंकडे, आणि शेतकरी तो शेतकरीच!

"असं काय," त्या पुटपुटल्या आणि भाकरी तव्यावर टाकली.

ताटात लोणी, तिळाची चटणी, भोगीची भाजी आणि भाकरी. बाईंनी पहिला घास घेतला. उमाकांतराव डोळे लावून बसले होते.

"गोड आहे हो," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "तुमच्या हाताला चव आहे."

"हं? म्हणजे... नीट बघितलीस का तू?"

"बघितली की. एक खडा नाही. मी शब्द दिला होता. बोलवा त्या संजीवला, सही करते."

संजीव म्हणजे नाशिकचा मुलगा, श्रीपेरुंबुदूरकडं मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. त्याला मांबलममध्ये फ्लॅट हवा होता आणि उमाकांतरावांनीच मोठ्या तोऱ्यात त्याला तयार ठेवलं होतं. आता त्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. ते पाणी प्याले आणि म्हणाले, "उद्या संक्रांत आहे. सणाच्या दिवशी नको." संक्रांत झाली. परवा किंक्रांत, करिदिन. कुणी शुभ काम करतं का? मग त्यांना तमिळ पंचांग आठवलं. अष्टमी नको, नवमी नको, राहुकाळात नको, आणि यमगंडात तर नकोच. कारखान्यात असताना हाच माणूस मांजर आडवं गेलं की मुद्दाम पुढं जायचा.

शेवटी प्रमोदिनीबाईंनी स्वतःच संजीवला फोन केला.

तो रविवारी आला, कागद घेऊन, पेढे घेऊन. विद्यालक्ष्मी मामी साक्षीदार म्हणून बोलावलेल्या, त्या पदराला डोळे पुसत खुर्चीच्या कडेवर टेकल्या. संजीवनं करार टेबलावर पसरला. प्रमोदिनीबाईंनी चष्मा लावला, पेन उघडलं आणि सही केली. एका फटक्यात, बँकेतली सवय. मग कागद आणि पेन त्यांनी नवऱ्याकडं सरकवलं.

"आता तुमची."

आणि मग मात्र आपण काय करून बसलो ते त्यांना उमगलं. उभा जन्म ज्या माणसाच्या फुशारक्या ऐकल्या, त्याच्या भरवशावर त्यांनी घर पणाला लावलं होतं. यांना इथंच राहायचंय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण यांचा अभिमान यांच्या अकलेपेक्षा मोठा आहे हेही तितकंच ठाऊक होतं. समोर परका माणूस, शेजारी मामी. निव्वळ तोंड वाचवायला हे सही ठोकतील. मग हे दार, ही गल्ली, ही समोरची मैत्रीण, सगळं गेलं. त्यांना वाटलं, कागद ओढून घ्यावा आणि ओरडावं. पण त्या मांडीवर हात दाबून बसून राहिल्या.

उमाकांतरावांनी पेन धरलं. टोक कागदाला टेकलं. तिथं शाईचा एक ठिपका उमटला आणि मोठा होत गेला.

"काका?" संजीव म्हणाला.

"ज्वारी माझी नाही," उमाकांतराव म्हणाले.

मामींनी डोळ्यांवरचा पदर खाली घेतला.

"दुकानातली आहे. माझी पाण्यात कुजली." ते बायकोकडं बघत नव्हते, कागदाकडं बघत होते. "मला शेती येत नाही. कधीच येत नव्हती. सगळं दादानं केलं. मी सुट्टीला जायचो, हुरडा खायचो आणि परत यायचो. नांगराला मी हातसुद्धा लावलेला नाही. हे कोपराचं... गाडीतून पडलो होतो मी." त्यांनी पेन खाली ठेवलं. "मला नाही जायचं तिकडं, प्रमोदिनी. तिथं मला करमत नाही. मला इथंच राहू दे."

प्रमोदिनीबाईंना रडूच फुटलं. आपण रडू असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी तर चांगला हसायचा बेत केला होता. मामींना भाषा कळली नव्हती, पण पेन खाली ठेवलेलं त्यांनी पाहिलं होतं. त्या उठल्या, करार उचलला, मधोमध फाडला आणि संजीवच्याच पेढ्यांचा पुडा उघडून सगळ्यांच्या हातावर एकेक पेढा ठेवला.

बिचारा संजीव. त्यानं पेढा खाल्ला, मग तो खुर्ची पुढं ओढून म्हणाला, "काका, फ्लॅटचं जाऊ द्या. दुसरा बघू. पण तो वयलोराचा प्लॉट... तो द्यायचा आहे का? म्हणजे मी विचारतो एवढ्यासाठी, की आमची पण मूळची शेतीच."

उमाकांतराव ताठ बसले. डोळ्यांत ती जुनी चमक आली. प्रमोदिनीबाई डोळे पुसता पुसता थांबल्या. असलं आयतं गिऱ्हाईक, आणि समोर असला बोलघेवडा माणूस. दोन वाक्यांत मातीचा वास निघाला असता आणि प्लॉट खपला असता.

"तू कितवीपर्यंत गावात होतास?" उमाकांतरावांनी विचारलं.

"चौथीपर्यंत," संजीव म्हणाला.

"मग ऐक," ते म्हणाले, आणि त्यांनी मृगाच्या पहिल्या दिवसापासून सुरुवात केली: मुंग्या, मोर, गुंडाळून ठेवलेली नळी, तुकोजींचं 'सरि', आयप्पसीचं पाणी. काही लपवलं नाही. प्रमोदिनीबाई चहा टाकायला आत गेल्या खऱ्या, पण ओट्याशी नुसत्याच उभ्या राहिल्या. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा नवरा शेतीबद्दल खरं बोलत होता, आणि त्यांना ते एक अक्षर न गाळता ऐकायचं होतं.